लिफ्टकाकांचा उतार

एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलची लिफ्ट वरखाली नेल्यावर माणसाचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. डॉक्टर, नर्स, आया, पेशंटचे नातेवाईक, सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. त्यांच्या बायकोचा लिफ्टशी काडीचा संबंध नव्हता, त्या एका शाळेत शिवण शिकवायच्या, तरी त्या लिफ्टकाकू झाल्या त्या कायमच्याच.

काकांचं काम तसं सोपं. स्टुलावर बसायचं, बटण दाबायचं, दार लावायचं. पण माणूस आत शिरला की तो कुठल्या मजल्यावर जाणार हे ते तोंड बघून ओळखत. हातात फुगे असले तर पाचवा, बाळंतिणींचा. हातात फाईल आणि नजर जमिनीवर असली तर तिसरा. अशांना ते काही विचारत नसत, नुसतं हळू आवाजात "सावकाश" म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की या माणसाविरुद्ध एकतीस वर्षांत एकही तक्रार आली नाही. काकांना त्या वाक्याचं हारापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

निवृत्तीनंतर त्यांनी गावाच्या कडेला, टेकडीवरच्या घरांच्या रांगेत एक छोटं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर पत्रे. ते त्यांना परवडलं ते केवळ त्याच्या परसामुळे. स्वयंपाकघराचं दार उघडलं की आठ पावलं सपाट जमीन, आणि मग एकदम उतार. उतार म्हणजे असा की खाली जायचं तर बसून घसरत जावं लागे. पायथ्याशी एका घड्याळजींचं घर होतं. त्यांची दुरुस्तीची खोली नेमकी मागच्या बाजूला, खिडकी उताराकडे.

पहिल्याच उन्हाळ्यात काकांनी परस साफ करायला घेतलं. उतारावर झुडपं होती, काटेरी वेली होत्या, गुडघाभर गवत होतं. सगळा गबाळा कारभार. कमरेला दोर बांधून, दुसरं टोक दाराच्या खांबाला अडकवून, त्यांनी महिनाभर कोयता आणि कुदळ चालवली. मुळासकट सगळं उपटलं. शेवटी उतार नुकत्याच केस कापून आलेल्या डोक्यासारखा दिसायला लागला.

"अगं, बघ तरी," काका म्हणाले.

काकूंनी दारातून पाहिलं. "छान केलंत हो. आता निदान साप दिसेल तरी."

पावसाळ्याचे पहिले काही आठवडे धड गेले. मग एका दुपारी असा पाऊस झाला की समोरचं काही दिसेना. तासाभराने तो थांबला, आणि आणखी अर्ध्या तासाने दारावर थाप पडली. दारात घड्याळजी उभे होते. बारीक अंगाचे, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर सरकवलेलं भिंग तसंच. हातात बादली. त्यांनी ती उंबऱ्यापाशी ठेवली. बादली लाल चिखलाने काठोकाठ भरली होती.

"हे तुमचं," ते म्हणाले. "माझ्या टेबलाखाली सापडलं. अजून बरंच आहे. घेऊन जा."

काका तसेच अनवाणी त्यांच्या मागोमाग रस्त्याने वळसा घालून खाली गेले. खोलीत घोटाभर चिखल होता. खिडकीखालच्या फटीतून आत आलेला. खालच्या खणातल्या बाटल्या, त्यात स्क्रू, काटे, केसाएवढ्या स्प्रिंगा, सगळं मातीत कालवलेलं. काकांनी दोन दिवस ती खोली उपसली, धुतली, पुसली. घड्याळजी शेजारी बसून एकेक स्क्रू चिमट्याने उचलून पेट्रोलमध्ये धूत होते.

दुसऱ्या दिवशी काका निघताना ते पहिल्यांदा बोलले. "तुम्ही साफ केलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुन्हा असं झालं तर मी वर येणार नाही. सरळ तक्रार करीन."

तक्रार हा शब्द काकांच्या वर्मी लागला. घरी येऊन ते जेवले नाहीत.

त्यांनी एका कंत्राटदाराला बोलावलं. त्याने दारातूनच खाली नजर टाकली, सिमेंटची भिंत सुचवली आणि एक आकडा सांगितला. काकांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. तेवढ्यात तर त्यांनी जवळजवळ घर घेतलं होतं. मुलगी दुसऱ्या शहरात बँकेत होती. तिचा फोन आला. "बाबा, विकून टाका ते घर. माझ्याकडे या. तुमचं काय आता डोंगर सांभाळायचं वय आहे का?"

"विकायचं म्हणजे हा चिखल दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा," काका म्हणाले. "आणि खालचे घड्याळजी तिथेच राहणार."

"मग काय करणार आहात?"

"बघतो," म्हणून काकांनी फोन ठेवला. आयुष्यभर लिफ्टमध्ये शिरणाऱ्याने मजला सांगितला आणि त्यांनी बटण दाबलं. कुठे जायचं हे ठरवायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नव्हती.

आधी त्यांनी सुचेल ते केलं. बाजारातून निळं प्लॅस्टिक आणलं आणि निम्म्या उतारावर अंथरून विटांनी दाबलं. पुढच्या पावसात पाणी त्यावरून घसरगुंडीसारखं सुसाट गेलं आणि जिथे प्लॅस्टिक संपत होतं तिथे त्याने वीतभर खोल खड्डा पाडला. नशीब, तो पाऊस दहा मिनिटांत आटोपला. काकांनी प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलं आणि डोक्याला हात लावला.

"अहो," काकू म्हणाल्या, "शाळेत एखाद्या पोरीची शिवण उसवली तर मी आधी कुठून उसवली ते बघायची. तुम्ही बघितलंत का, पाणी येतंय कुठून?"

"वरून येतंय. आभाळातून."

"ते मलाही माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तशी काका छत्री घेऊन परसात जाऊन उभे राहिले. पाऊणएक तास. शेजारच्या बाईंनी खिडकीतून काकूंना खुणेनेच विचारलं, यांची तब्येत ठीक आहे ना. पण त्या पाऊण तासात काकांना जे दिसलं ते महिनाभर दिसलं नव्हतं. उतारावर पडणारं पाणी एकीकडे, आणि त्यांच्याच पत्र्यांवरून येणारं पाणी दुसरीकडे. सगळ्या छपराचं पाणी मागच्या एकाच कोपऱ्यावरून नळासारखं कोसळत होतं, आठ पावलं वाहून बरोबर उताराच्या तोंडाशी जात होतं. उतारावर पाण्याने जी घळ पाडली होती तीही नेमकी त्याच रेषेत.

"अगं, आपलंच पाणी आहे!" ते ओरडत आत आले. घरभर ओल्या पावलांचे ठसे उमटले, आणि काकूंनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

भंगारवाल्याकडून त्यांनी पत्र्याची जुनी पन्हळ आणली, एक पाईप आणला, एक मोठं पिंप आणलं. छपराचं पाणी पन्हळीतून पिंपात, आणि पिंप भरलं की पाईपने घराच्या बाजूने पुढच्या रस्त्याच्या गटारात. दोन दिवसांचं काम. पुढच्या पावसात घळीतून पाणी गेलं, पण पूर्वीच्या चौथ्या हिश्शाएवढंसुद्धा नाही. काकांनी त्या दिवशी दोनदा जेवायला वाढून घेतलं.

तरी उघडी माती होतीच, आणि ती थोडी थोडी उतरत होती. सार्वजनिक बागेत रोपं विकणाऱ्या एक माळीणबाई होत्या. काका त्यांच्याकडे गेले आणि उतारावर लावायला एखादं मजबूत झाड मागितलं.

"आधी काय होतं तिथे?" माळीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. गवत, झुडपं. मी सगळं साफ केलं."

बाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मुळासकट?"

"मुळासकट," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं.

"अहो दादा, तीच तर माती धरून बसली होती! आता एक झाड काय करणार? ते मोठं होईस्तोवर सगळा उतार खाली जाऊन बसेल." मग त्यांचा चेहरा जरा निवळला. "घराजवळच्या जमिनीला तडे गेलेत का? एखादा लांब तडा, उताराला आडवा?"

"नाही. रोज बघतो."

"तसा दिसला तर माझ्याकडे येऊ नका, इंजिनिअर गाठा. तिथे गवताचं काम नाही. पण नुसती वरची माती वाहतेय ना, मग वाळ्याचं गवत लावा. मुळं सरळ खाली जातात, पुरुषभर, आणखीही. पण आडव्या ओळीत लावायचं, अगदी सपाट रेषेत, आणि ठोंब जवळजवळ. मध्ये फट राहिली की पाणी तिथूनच जाणार. आणि आता जे काही आपसूक उगवेल ते उपटायचं नाही. कापायचं, आणि कापलेलं तिथेच पसरायचं."

त्यांनी बागेतल्या जुन्या गड्ड्यांतून फोडलेले ठोंब गोणी भरून दिले. रोपांच्या मानाने ते अगदी स्वस्तात पडले. निरगुडीच्या अंगठ्याएवढ्या जाड काड्यांचा एक भाराही दिला. "या ठोका खुंट्यांसारख्या. पावसात अर्ध्याअधिक रुजतील."

काका कामाला लागले. दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये सुतळी, आणि डोळ्याने अंदाज घेऊन चर खणायचा. पहिली ओळ अर्धी झाली तोच खालून आवाज आला.

"तिरकी आहे!"

घड्याळजी खिडकीत उभे होते. काकांनी हात वर करून बरं म्हटलं आणि सुतळी हलवली.

"आता डावीकडे उतरतेय!"

असं तीन दिवस चाललं. काका खणायचे आणि खालून निकाल यायचा. चौथ्या दिवशी घड्याळजींना ते सहन होईना. ते वळसा घालून वर आले, आणि त्यांच्या खांद्यावर लाकडी पट्ट्यांची एक चौकट होती. वरच्या टोकाला जोडलेले दोन पाय आणि मध्ये आडवी पट्टी, शिडीसारखी. वरच्या टोकापासून एक दोरा लोंबत होता आणि दोऱ्याच्या टोकाला भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा पितळी लंबक.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"गवंड्याचा ओळंबा असतो ना, तेच. फक्त नीट केलेलं." त्यांनी आडव्या पट्टीवरची बारीक खूण दाखवली. "दोरा या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी मारायची. मग एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा. असं चालत जायचं."

"फार कष्ट घेतलेत तुम्ही."

"तुमच्यासाठी नाही घेतले," घड्याळजी म्हणाले. "रोज ती वाकडी रेघ बघून माझं कामात लक्ष लागत नव्हतं."

ती चौकट उतारावर दोन पायांच्या बगळ्यासारखी चालत गेली आणि तिने जी रेषा काढली ती पाहून काका चाट पडले. रेषा सरळ नव्हतीच. उतार जिथे पोटात जात होता तिथे तीही आत वळत होती, जिथे फुगत होता तिथे बाहेर. पण पातळी एकच. त्या रेषेवर उथळ चर, चराची माती खालच्या अंगाला बांधासारखी, आणि त्या बांधावर चार चार बोटांवर गवताचे ठोंब. कमरेएवढ्या उंचीवर पुढची ओळ. दोन ओळींच्या मध्ये निरगुडीच्या खुंट्या ठोकून त्यात कापलेल्या फांद्या विणल्या, टोपली विणावी तशा. काकूंनी किराणा दुकानातून रिकामी तागाची पोती आणली, दाभण आणि सुतळी घेऊन ती एकमेकांना शिवली, आणि दोघांनी ती सर्वांत उघड्या जागेवर अंथरून लाकडी खिळ्यांनी मातीला घट्ट बसवली. पोत्यांखाली मूठ मूठ बी टाकलं.

पायथ्याशी, घड्याळजींच्या खिडकीच्या वर, काकांना एक भिंत हवी होती. सिमेंटच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत माती आणि खडी भरून ती एकावर एक रचून त्यांनी ती एकट्यानेच उभी केली. सरळ, ताठ, लिफ्टच्या दारासारखी. तिच्याकडे बघून त्यांचा ऊर भरून आला.

पावसाळा संपता संपता एक शेवटची मोठी सर आली आणि ती भिंत पोटातून फुगली. काकांना वरून ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. फुगत फुगत तिच्यातली चार पोती सुटली आणि खालच्या अंगणात धपाधप जाऊन पडली. एक कुंडी फुटली.

काका रस्त्याने खाली निघाले. ते मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. माफी कशी मागायची, आणि मग घर विकायचंय हे कसं सांगायचं. कारण आता मुलीचंच खरं, असं त्यांनी त्या उतरणीवर जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

घड्याळजी अंगणात कुदळ घेऊन उभे होते. फुटलेली पोती त्यांनी बाजूला ओढून ठेवली होती.

"चिखल किती आला आत?" काकांनी विचारलं.

"आत? काही नाही. वरच्या ओळींनी धरला. ही भिंतच तेवढी पडली." त्यांनी कुदळीने जागा दाखवली. "बघा, मागे पाणी साठलं, त्याला वाटच नव्हती. आणि आपण ती उभी ताठ रचली. टेकडीकडे झुकवायला हवी होती, पाठ टेकून बसतात तशी. माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक दोघांची आहे."

"भिंत मी एकट्याने रचली."

"मी रोज खिडकीतून बघत होतो. म्हणजे माझीही झाली."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग म्हणाले, "घमेलं कुठे आहे?"

ती भिंत दोघांनी थंडीत पुन्हा रचली. पायाला आधी हातभर चर खणला. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा चार बोटं आत, टेकडीकडे सरकवलेला. पोत्यांच्या पाठीमागे खडी, आणि खडीच्या तळाशी पाणी बाहेर काढायला भोकं पाडलेला पाईप. घड्याळजी प्रत्येक थराला ओळंबा लावून बघायचे आणि अर्ध्या सुताचा फरक असला तरी पोतं काढायला लावायचे.

"अहो, हे पोतं आहे, मनगटी घड्याळ नाही," काका एकदा वैतागले.

"म्हणून तर गेल्या वेळी पडलं," घड्याळजी म्हणाले.

उन्हाळ्यात काका पिंपातलं पाणी तांब्यातांब्याने ओळींना घालत. पिंप संपल्यावर काकू भांडी विसळलेलं पाणी बाजूला ठेवायला लागल्या. काही ठोंब मेले, तिथे मोठ्या ठोंबांतून फोडून नवे लावले. निरगुडीच्या निम्म्या खुंट्यांना पालवी फुटली. उतारावरची तागाची पोती कुजत चालली तशी त्यांच्यातून हिरवे कोंब वर आले. आणि ज्या गवताला काकांनी कोयत्याने संपवलं होतं तेही जागोजाग परत आलं. काकांनी त्याला हात लावला नाही.

पुढच्या पावसाळ्यात सलग तीन दिवस पाऊस झाला. गावातले दोन रस्ते बंद पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींनी मोठ्याने हाक मारली. काका धावतच दारात आले. घड्याळजी खाली भिंतीपाशी उकिडवे बसून पाईपच्या तोंडाकडे बोट दाखवत होते.

"काय झालं?"

"पाणी बघा! नितळ आहे!"

पाईपमधून बोटाएवढी धार येत होती आणि ती खरोखरच नितळ होती. त्यांनी ओंजळीत धरून वर दाखवली, जणू तेवढ्या अंतरावरून काकांना ती दिसणार होती. काकूही येऊन उभ्या राहिल्या. वर पाऊस, खाली दोन्ही हात पुढे धरलेले घड्याळजी, आणि मध्ये आडव्या ओळींत डोलणारं गवत. काका दाराच्या चौकटीला टेकले आणि हसायलाच लागले.

मुलगी पाऊस ओसरल्यावर आली. ती परसाच्या कडेपर्यंत गेली, वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी तिने मोजल्या. मग म्हणाली, "बाबा, हे सगळं तुम्ही ठरवलंत?"

"ठरवलं कसलं. चुकत चुकत झालं," काका म्हणाले, पण त्यांची मान ताठ झाली होती.

त्यानंतर रांगेतल्या घरांतून लोक बघायला येऊ लागले. सर्वांत आधी आल्या पलीकडच्या चौथ्या घरातल्या, ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाई. त्यांच्याही मागे असाच उतार होता आणि त्यांनी तो सिमेंटने लिंपायचा बेत केला होता. काका आणि घड्याळजी एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले, एकाच्या खांद्यावर चौकट, दुसऱ्याच्या हातात गवताच्या ठोंबांची पिशवी. बाई परसात कोयता घेऊन तयारच होत्या.

"कुठून सुरुवात करायची, काका?" त्यांनी विचारलं. "आधी ही झुडपं काढून टाकते, मग तुम्हाला जागा मोकळी मिळेल."

"थांबा, थांबा!" दोघेही एकदम ओरडले.

काकांनी पुढे होऊन तो कोयता त्यांच्या हातून अलगद काढून घेतला. घड्याळजींनी चौकटीचा पहिला पाय जमिनीवर टेकवला आणि दोरा स्थिर व्हायची वाट बघत उभे राहिले.